आंब आणि दव

मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटे जो हरभऱ्याच्या वावरातून अनवाणी चालला आहे, त्याला ही पुस्तिका इतरांपेक्षा लवकर कळेल. माझी आजी संध्याकाळी जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं हरभऱ्यावर अंथरून यायची आणि उजाडायच्या आत ते पिळून बाटली भरायची. ती आंब. पोट दुखलं की पाण्यात चमचाभर घालून मिळायची, आणि दात असे आंबायचे की पोटाची आठवणच राहायची नाही. पायाला भेगा असल्या की वावरात ती चरचरायची. आम्हा पोरांना वाटायचं, हरभऱ्यावर पडणारं दवच आंबट असतं. पुढं शाळेत शिकवायला लागलो, हाताशी भिंग आलं, तेव्हा समजलं की दव वरून पडतं आणि आंब आतून येते. हरभऱ्याच्या पानावर, देठावर, घाट्यावर बारीक लव असते. त्यातल्या कित्येक केसांच्या टोकाला एक गोल ग्रंथी असते आणि तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाचा थेंब पाझरतो. दव त्याला पातळ करून फडक्यात उतरवतं, एवढंच.

पुष्कळ वर्षांनी एका सप्टेंबरात मी साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर, पायवाटेच्या कडेला पोटावर आडवा पडलो होतो. सोबतची मंडळी तेरड्याच्या गुलाबी गालिच्याचे फोटो काढत होती. माझ्या नाकासमोर गवताच्या काडीसारखी एक वनस्पती होती. तिला तिकडं गवती दवबिंदू म्हणतात. शास्त्रातलं नाव ड्रॉसेरा इंडिका. दोऱ्यासारखी अरुंद पानं, त्यांवर दाट लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला स्वच्छ थेंब. ऊन चांगलंच चढलं होतं, शेजारच्या गवतावरचं दव केव्हाच उडून गेलं होतं, पण हिचे थेंब जागच्या जागी होते. एक चिलट येऊन बसलं. त्यानं पाय उचलला तर थेंबाचा दोरा झाला; दुसरा पाय टेकवून जोर लावला तर तोही अडकला. मग पंख. मी घड्याळ लावून पाहत होतो. वीस मिनिटांत आजूबाजूचे केस चिलटाकडं कलले होते, कुणी बोलावल्यासारखे. मला त्या क्षणी आजीची बाटली आठवली. तोच केस, तीच गोल ग्रंथी, तोच थेंब. हरभऱ्याचा थेंब आंबट, हिचा चिकट. फरक तेवढाच असावा असं तेव्हा वाटलं. तो तेवढाच नाही, आणि नेमका कुठं आहे, हे या पुस्तिकेत सांगितलं आहे.

पुस्तिकेचे लेखक माझे विद्यार्थी. घाटावरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात आणि दर पावसाळ्यात पदरमोड करून पठारं, तळी, सडे हिंडतात. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर त्यांनी ‘मांसाहारी वनस्पती’ असं लिहिलं होतं. मी ते खोडलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. आता पुस्तिका त्यांची आहे, तेव्हा शब्द त्यांचाच राहिला. पण प्रस्तावना माझी आहे, म्हणून माझं भांडण इथं मांडतो.

‘आहार’ म्हटलं की डोळ्यांसमोर तोंड येतं, दात येतात, भूक येते. त्या चित्रानं फार घोटाळे केले आहेत. १८७४ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रानं मादागास्करमधल्या माणूस खाणाऱ्या झाडाची हकीकत छापली. ती निव्वळ थाप होती, पण जगभर पसरली आणि पिढ्यान् पिढ्या पोरांच्या गोष्टींत जिवंत राहिली. आमच्या लहानपणीही ते झाड बोरीबाभळीच्या आडून आम्हाला भेडसावायचं. खरी गोष्ट त्याहून साधी आणि माझ्या मते जास्त चकित करणारी आहे. दवबिंदू हिरवी असते. तिचं जेवण, म्हणजे साखर, ती इतर झाडांसारखीच ऊन, पाणी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतः बनवते. चिलटाकडून तिला हवं असतं ते नत्र, स्फुरद, पालाश. खताच्या पोत्यावर जे तीन आकडे असतात, तेच. चिलट हे तिचं जेवण नव्हे. ते तिचं खत आहे.

हे मी एकदा गावी पारावर सांगत होतो. पाठीवर पंप बांधून कपाशीकडं निघालेला एक जण ऐकत उभा राहिला. सगळं ऐकून म्हणाला, “म्हंजे खाली भेटत नाई म्हून वरून देनं. हे तं आपली फवारनीच झाली नं सर!” चाळीस वर्षं शिकवून मला जे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं, ते तो सांगून गेला. तूर-कपाशीला फुलोऱ्यात आपण दोन टक्के डीएपी किंवा युरियाचं पाणी पानांवर मारतो, एकोणीस-एकोणीस-एकोणीस मारतो. पान अन्नद्रव्य थेट शोषून घेतं, यात आपल्याकडच्या कुणालाच नवल वाटत नाही. नवल आहे ते पुढच्या पायरीचं. पंपातलं खत आधीच विरघळलेलं असतं. चिलटाच्या अंगातलं नत्र प्रथिनांत गुंफलेलं असतं, स्फुरद पेशींच्या केंद्रकाम्लांत अडकलेला असतो, आणि हा सगळा माल कायटिनच्या कडक पेटीत बंद असतो. पेटी फोडायची, माल सुटा करायचा, आणि मग मेणचट पानातून आत घ्यायचा. या तीन कामांतलं शेवटचं सगळ्यात अवघड, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं. सापळ्यांची चित्रं सगळे काढतात. आत घेण्याचं चित्र काढता येत नाही.

या प्रश्नाला पहिल्यांदा नेटानं हात घातला तो चार्ल्स डार्विननं. १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या ससेक्स भागातल्या माळावर त्याला आपल्या दवबिंदूची गोल पानांची बहीण दिसली आणि पानोपानी चिकटलेले किडे दिसले. आदल्याच वर्षी त्याचं उत्क्रांतीवरचं पुस्तक निघून जगभर गदारोळ उडाला होता, आणि हा गृहस्थ दवबिंदूच्या पानावर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे चौकोनी तुकडे ठेवत बसला होता. चौकोनच का, तर कोपरे विरघळून गोल झाले की पचन सुरू झालं हे डोळ्यांना दिसावं म्हणून. त्यानं पानांना दूध पाजलं, लाळ दिली, लघवी दिली, मांसाचा रस दिला, केस वाकले. साखरेचं पाणी, डिंक, ऑलिव्हचं तेल, एवढंच काय चहाही देऊन पाहिला, केस ढिम्म. पानाला नत्र ओळखता येत होतं. माणसाच्या केसाचा ०.०००८२२ मिलिग्रॅम वजनाचा कण ग्रंथीवर टेकला तरी ती हलली, आणि पावसाचे टपोरे थेंब वरून आपटले तरी हलली नाही. ज्या जागी वर्षातले तीन-चार महिने पाऊसच कोसळतो तिथं हे न हलणं किती मोलाचं आहे, ते कासच्या पठारावर भिजल्यावर कळतं. हे सगळं १८७५ साली ‘इन्सेक्टिव्होरस प्लँट्स’ या पुस्तकात आलं. तरी एक शंका उरलीच होती: किडे पचतात हे ठीक, पण त्यानं झाडाचं भलं होतं का? त्याच्या मुलानं, फ्रान्सिसनं, ती मिटवली. निम्म्या झाडांना मांसाचे कण भरवले, निम्मी तशीच ठेवली. भरवलेल्या झाडांना दुपटीहून जास्त बिया आल्या. आपल्याकडची कृषी विद्यापीठं वावरात पट्टे आखून खताची चाचणी घेतात, तशीच ही चाचणी.

आता पुन्हा त्या लाल केसाकडं. त्याला केस म्हणणं अन्यायाचं आहे, कारण त्याच्या देठातून पाण्याची नळी थेट टोकापर्यंत जाते. टोकावरची ग्रंथी एकटीच तीन माणसांचं काम करते. आधी ती चिकट रस गाळते. कपाशीत पांढऱ्या माशीसाठी आपण पिवळे चिकट सापळे टांगतो, इथवर ती तेच करते. किडा धडपडू लागला की त्या धडपडीतून विजेचे बारीक झटके पानात पळतात आणि पानात जॅस्मोनिक आम्लाच्या जातीची रसायनं वाढतात. ती वाढली की ग्रंथी दुसऱ्या कामाला लागते: रस आंबट करते आणि त्यात विकरं सोडते. प्रथिनं तोडणारी, कायटिन तोडणारी, केंद्रकाम्लं तोडणारी, आणि फॉस्फेटेज, जे स्फुरद मोकळा करतं. पानाचं ताट आणि पानाचंच पोट. पचन उघड्यावर चालतं.

या जागी मी हस्तलिखित वाचताना थांबलो होतो, कारण ही जॅस्मोनिक आम्लं मला ओळखीची वाटली. घाटेअळीनं पान कुरतडलं की झाडात जी धोक्याची घंटा वाजते ती हीच. अळी चावली की साधं झाड जॅस्मोनेटं वाढवतं आणि अळीचं पोट बिघडेल अशी प्रथिनं तयार करतं. बुरशी आली की तिची कायटिनची भिंत फोडायला कायटिनेज काढतं. म्हणजे दवबिंदूनं स्वतःचं असं नवं हत्यार फारसं घडवलंच नाही. घराच्या राखणीची काठी होती, तीच तिनं शिकारीला घेतली. २०१७ साली चार वेगवेगळ्या कुळांतल्या अशा वनस्पतींच्या पाचक रसांची तुलना प्रसिद्ध झाली. यांतल्या एकमेकींपासून दूरच्या शाखांनी वेगवेगळ्या काळी, आपापल्या परीनं, पण संरक्षणाच्या त्याच जुन्या प्रथिनांना पचनाच्या कामी लावलं होतं. आजीच्या बाटलीतली आंब हे अळीविरुद्धचं हत्यार. कासच्या दवबिंदूचा थेंब हे त्याच शस्त्रागारातलं, पण दुसऱ्या कामाला जुंपलेलं.

आणि आता ते तिसरं काम. पान पाणी गमावू नये म्हणून त्यावर मेणचट थर असतो. फवारणीच्या वेळी पंपात ‘स्टिकर’ टाकावं लागतं ते याच थरामुळं. नाहीतर थेंब घरंगळून खाली. दवबिंदूच्या ग्रंथीवर या थराला बारीक भोकं असतात. रस बाहेर जातो तो त्यांतूनच आणि सुटा झालेला माल आत येतो तोही त्यांतूनच. प्रथिनं तुटून अमिनो आम्लं झाली, त्यांतली काही पुढं अमोनियमपर्यंत गेली, की पेशीच्या पडद्यावरची दारं उघडतात. ही दारं कुठली? जर्मनीतल्या वुर्झबुर्ग विद्यापीठाच्या मंडळींनी २०१३ साली माशी पकडणाऱ्या अमेरिकन डायोनिया वनस्पतीच्या ग्रंथीत अमोनियम आत घेणारं दार शोधलं. ते त्याच घराण्यातलं निघालं ज्यातली दारं इतर झाडांच्या मुळांत असतात. पालाश घेणारी दारंही तशीच. मुळाच्या हद्दीतला कारभार पानानं चालवायला घेतला आहे. हस्तलिखितातलं मला सगळ्यात आवडलेलं पान हे. त्याच्या आदल्या वर्षी व्हिएन्नाच्या संशोधकांनी आणखी एक वाट दाखवली होती: काही जातींच्या ग्रंथींतल्या पेशी प्रथिनं पुरती तुटायची वाटही पाहत नाहीत. पडद्याला खळगा पाडून, प्रथिनाचं गाठोडं बांधून ते सबंधच आत ओढतात. आमच्या अंगातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात तसं. वनस्पतीकडून मला तरी ही अपेक्षा नव्हती.

किती मिळतं यातून? दवबिंदूच्या कित्येक जातींत अंगातलं जवळपास निम्मं नत्र किड्यांकडून आलेलं आढळलं आहे. जागेप्रमाणं आणि जातीप्रमाणं हा वाटा पुष्कळ खालीवर होतो. पण झेक प्रजासत्ताकातल्या लुबोमिर आदामेक या संशोधकानं दाखवलेली गोष्ट मला आकड्यापेक्षा मोठी वाटते. पानाला किडा भरवला की मुळं आळसावतील असं आपण धरून चालतो. होतं उलटं. मुळं जमिनीतून जास्त अन्नद्रव्यं घ्यायला लागतात. पानातून गेलेला घास मुळांना कामाला लावतो.

सगळं आत घेऊन झालं की पान हळूहळू उलगडतं. कायटिनची रिकामी पेटी त्यावर पडून राहते आणि वाऱ्यानं उडून जाते. कासला मी अशी पानं पाहिली: माशीचा आकार शाबूत, आत काही नाही.

पुस्तिकेतलं दुसरं मोठं प्रकरण पाण्यातल्या आणि ओल्या मातीतल्या फुगेवाल्या वनस्पतीचं, म्हणजे युट्रिक्युलेरियाचं. कासला निळ्या-जांभळ्या फुलांचे ताटवे दिसतात त्यांना ‘सीतेची आसवे’ म्हणतात. लोक फुलांसमोर उभे राहून फोटो काढतात आणि पायाखाली, चिखलात, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक फुगे कामाला लागलेले असतात याचा कुणाला पत्ता नसतो. विदर्भातल्या तळ्यांतही हिच्या तरंगत्या जाती आहेत. पिवळं फूल पाण्यावर आणि खाली शेपटासारखा हिरवा गुंता. तो गुंता बशीत पसरून भिंगाखाली धरला की फुगे दिसतात. या वनस्पतीला मूळच नाही. तेव्हा पानातूनच घेतलं पाहिजे, दुसरी सोयच नाही.

फुग्याची चाल अशी. आतल्या ग्रंथी पाणी बाहेर उपसत राहतात, त्यामुळं फुग्याच्या भिंती आत ओढल्या जातात आणि आत ओढ तयार होते. दारावरच्या केसाला पाण्यातल्या एखाद्या सूक्ष्म जिवाचा धक्का लागला की दार आत उघडतं, पाणी जिवासकट खेचलं जातं आणि दार बंद होतं. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं. मग पाणी पुन्हा उपसायला पंधरा मिनिटं ते अर्धा तास. विजेचं भारनियमन असलेल्या गावात मोटारीनं टाकी भरावी तसं हे धीम्या गतीचं काम आहे, हे लेखकाचं वाक्य. मी ते ठेवू दिलं.

इथं डार्विन चुकला, आणि त्याची चूक आपल्या विषयातलीच आहे. त्याला वाटलं की जीव स्वतःच डोकं खुपसून दार ढकलतात. फुग्यात त्यानं मांसाचे आणि अंड्याचे कण घातले, ते दिवसेंदिवस तसेच राहिले, म्हणून त्यानं ठरवलं की ही वनस्पती पचवत नाही. आत मेलेल्या जिवांचं कुजलेलं पाणी तेवढं पिते. पुढं फुग्यात विकरं सापडली, विशेषतः फॉस्फेटेज भरपूर. पण तो अगदीच चुकला असंही नाही. फुग्यात जिवाणूंची वस्ती असते आणि पचनाच्या कामात तिचाही हात असतो. आतल्या भिंतीवर चार-चार हातांच्या ग्रंथी असतात, त्या विकरं सोडतात आणि अन्नद्रव्यं शोषतात. त्या भिंगात दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शक लागतो, शाळेतला चालतो.

घटपर्णीचं प्रकरण मी वाचकावर सोडतो. ती मेघालयातली, तिथले गारो लोक तिला भुताची टोपली म्हणतात, आणि लेखकानं तिच्यावर इतकं प्रेमानं लिहिलं आहे की मधे बोलणं बरं दिसणार नाही.

हस्तलिखित मी आधी शाळेतल्या आठ-दहा मुलांना वाचून दाखवलं. त्यांतल्या एकीनं विचारलं, “सर, आमच्या वावराच्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्राच्या रकान्यात ‘कमी’ लिहिलंय. मग दवबिंदू आमच्याकडं का नाही उगवत?” प्रश्न इतका नेमका होता की लेखकाला एक नवं प्रकरण लिहावं लागलं.

उत्तराची सुरुवात १९८४ सालच्या एका अमेरिकन लेखापासून होते. थॉमस गिव्हनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला तो व्यापाऱ्यासारखा. सापळा करायला, रस गाळायला, विकरं बनवायला खर्च येतो, आणि सापळ्याचं पान ऊन पकडण्यात कच्चं असतं. हा खर्च फिटतो कुठं? जिथं ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि फक्त अन्नद्रव्यांची टंचाई आहे, तिथं. कासला जांभ्याच्या सपाट खडकावर बोटभर माती. सह्याद्रीचा पाऊस तिच्यातलं विरघळण्यासारखं सगळं दरवर्षी धुऊन नेतो. माती इतकी पातळ की मोठं झाड उभं राहत नाही, म्हणून सावली नाही. तिन्ही अटी पुऱ्या. आमच्या विदर्भातल्या पूर्णा नदीकाठच्या, घाटाखालच्या काळ्या मातीत पत्रिका काहीही म्हणो, चुना आहे, क्षार आहेत, चिकणमातीनं धरून ठेवलेली अन्नद्रव्यं आहेत. पाणी मात्र पावसाळा सरला की आटतं आणि भुईला हातभर भेगा पडतात. शिवाय थोडा ओलावा मिळाला की तण कमरेएवढं होतं. बोटभर दवबिंदूला ऊन कोण देणार? नत्राची अडचण सोडवायची आमच्या शिवाराची रीत निराळी आहे. तूर, हरभरा, सोयाबीन यांनी मुळांच्या गाठींत जिवाणू पाळले आणि हवेतलं नत्र बांधून घ्यायचा ठेका त्यांना दिला. गाठ उपटून नखानं फोडली की आतून गुलाबी निघते, तो त्या कारखान्याचा रंग. एकीनं भाडेकरू ठेवले, दुसरीनं फासे लावले. लोणारच्या तळ्याचं उदाहरण मुलांनी लगेच पुढं केलं, तिथं तर पाणी बारमाही! पण ते पाणी कमालीचं खारट आणि अल्कधर्मी. आपल्या वनस्पतींना हवं ते मऊ, क्षार नसलेलं पाणी. पाणी असणं आणि योग्य पाणी असणं यातला फरक आमच्या जिल्ह्यातल्या बाया हंड्याच्या तळाशी बसलेल्या पांढऱ्या थराकडं पाहून सांगतात.

तो थर मीही एकदा विसरलो होतो. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका रोपवाटिकेतून डायोनियाचं रोप आणलं. नाजूक, दातेरी, बघण्यासारखं. पहिल्या दिवशी कुंडी लहान वाटली म्हणून वावरातली काळी माती भरली. दुसऱ्या दिवसापासून बोअरचं पाणी. दहाव्या दिवशी रोप निस्तेज वाटलं म्हणून डीएपीचे चार दाणे. आणि पाहुण्यांना गंमत दाखवायला पनीरचा तुकडा, तोही वाटाण्याएवढा. सापळा मिटला खरा, पण फटीतून पनीर डोकावत राहिलं आणि चार दिवसांत पान काळं पडून लिबलिबीत झालं. रोप तिसऱ्या आठवड्यात गेलं. मी त्याला खाऊ-पिऊ घालून मारलं. धुतलेल्या, निकस मातीत राहणाऱ्या या मुळांना खताचे क्षार सोसत नाहीत. आणि सापळा नीट मिटून कडेनं बंद झाला नाही तर आत पचन न होता कुजणं सुरू होतं. शिवाय डायोनियाला नुसतं मिटून पुरत नाही. आतला जीव हलत राहावा लागतो. सापळ्यातल्या केसांना होणारे स्पर्श मोजून ती विकरं सोडते. पनीर हललं नाही. तिनं त्याला मेलेल्या पाचोळ्यात जमा केलं असणार.

म्हणून लेखकाला माझी एकच विनंती होती, ती त्यांनी मानली: कुंडीत कसं वाढवावं याचं प्रकरण काढून टाकलं. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे, तरी पायवाट सोडून फुलांत बसणारी माणसं कमी झालेली नाहीत. दवबिंदू तर गवतासारखी. पायाखाली गेली तरी कळत नाही. पाहायची असेल तर सकाळी दहा-अकराला, इतर दव उडाल्यावर, सूर्याकडं तोंड करून खाली वाकावं. चमकते ती. घाटावरच्या मुरमाड माळांवर, खडकातून पाणी झिरपत राहतं अशा जागीही पावसाळ्याच्या शेवटी डोळे उघडे ठेवून हिंडायला हरकत नाही. जुन्या गावतळ्यात पिवळी फुलं दिसली तर गुंता उपटू नये. एक काडी बशीत घेऊन पाहावी आणि परत सोडावी. हाताला चिकटणारी प्रत्येक वनस्पती मात्र शिकारी समजू नये. बांधावरचा चित्रक आणि तुरीतली पिवळी तिळवण दोन्ही चिकट असतात, चित्रकाच्या फुलाखाली मेलेले किडेही सापडतात. पण किडा अडकणं निराळं आणि त्याचं नत्र झाडाच्या अंगी लागणं निराळं.

हा शेवटचा भेद मुलांना पटावा म्हणून गेल्या पौषात मी डार्विनचा प्रयोग हरभऱ्यावर करून पाहिला. आमच्या घरी अंडं चालत नाही, तेव्हा शेजारून उकडून आणलं. पांढऱ्याचे दाण्याएवढे चौकोन कापून पहाटे आंब चांगली आलेली असताना पानांवर ठेवले, मुलांना वहीत कोपरे काढायला लावले. पहिल्या दिवशी कोपरे टोकदार. दुसऱ्या दिवशी तुकडा वाळून पिवळट, कोपरे तसेच. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा तुकडे नव्हते, आणि पानापासून बांधापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.